बँकेतून अर्थमंत्रालयात: चिंतामणराव देशमुख

सांगलीत बँक परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना एकीनं विचारलं, "सर, बँकेतला माणूस अर्थमंत्री होतो का?"

होतो! महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख. आयसीएस अधिकारी, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री.

त्यांच्याच काळात, 1 जुलै 1955 ला, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडायचं बंधन कायद्यानंच घातलं. उद्देश एकच: बँक ग्रामीण भागात पोचावी.

1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी राजीनामा दिला.

सातारा-सांगलीतल्या मुलांनो, देशमुखांचं चरित्र जरूर वाचा. बँकिंगबद्दल काही प्रश्न असतील तर कमेंटमध्ये विचारा.