बंदी कागदावर, पिशवी हातात

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरला लागून, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली प्रतापनगर ही मोठी वसाहत आहे. १ ऑगस्ट २०१० पासून राजस्थान सरकारने राज्यभर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा प्रतापनगरलाही ती लागू झाली. शेजारचे सांगानेर सुती कापडावरची छपाई आणि हातकागद यासाठी प्रसिद्ध. म्हणजे पर्याय दारातच होता. तरीही राजस्थानच्या बाजारांतून प्लॅस्टिकची पिशवी काही हटली नाही.

महाराष्ट्रातही वेगळे काय घडले? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी तुंबण्याच्या कारणांत गटारांत अडकलेल्या पिशव्याही होत्या. सरकार जागे झाले आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम आले. एवढ्याने भागले नाही, म्हणून २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलबंदीची नवी अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद! २३ जूनपासून कारवाई सुरू झाली आणि महिना संपण्यापूर्वीच किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत मिळाली.

उपदेशाने का भागत नाही?

'प्रत्येकाने कापडी पिशवी वापरावी' हे सांगणे सोपे आहे. पण भाजीवाल्याचा विचार करा. त्याने एकट्याने पिशवी नाकारली, तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते. पिशवी कोणालाच देता येणार नाही, असा नियम खरोखर पाळला गेला, तर त्याचे नुकसान होत नाही, उलट पिशव्यांचा खर्च वाचतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ घरच्या शिस्तीचा नाही, तो राजकीय निर्णयाचा आहे.

मायक्रॉनचे गणितही समजून घेतले पाहिजे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ पिशवीला भंगारात भाव नसतो, त्यामुळे कचरा वेचणारी बाई ती उचलत नाही. मग ती गटारात जाते, नाहीतर गाईच्या पोटात. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही. याच हेतूने केंद्राने जाडीची मर्यादा १९९९ मधील २० मायक्रॉनवरून ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनवर नेली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवरही देशभर बंदी आहे.

मागायचे काय?

कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या मतदारांची. व्यापारी आणि उत्पादक संघटित असतात, मंत्र्यांकडे शिष्टमंडळे नेतात. गृहिणींचे शिष्टमंडळ कोणी पाहिले आहे का?

महिला मंडळ, गृहनिर्माण सोसायटी किंवा ग्रामसभा, कुठूनही सुरुवात करता येईल. मात्र मागणी नेमकी हवी. हातगाडीवाल्याकडून दंड वसूल करून फोटो काढण्याऐवजी पातळ पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यांवर आणि घाऊक साठ्यांवर कारवाई करा. प्रभागात किती माल जप्त झाला, किती दंड वसूल झाला, हे दर महिन्याला जाहीर करा. महिला बचत गटांना कापडी पिशव्या शिवण्याचे काम द्या. सवलत द्यायची असेल, तर आधी लोकांना विचारा.

रस्ता, पाणी आणि दिवाबत्तीसाठी आपण नगरसेवकाला हक्काने गाठतो. तुंबलेल्या गटाराचे पाणी घरात शिरते तेव्हाही त्यालाच बोल लावतो. मग पिशव्यांबद्दल आधीच का विचारू नये? पुढच्या निवडणुकीत मत मागायला कोणी दारात आला की त्याला एवढेच विचारा, 'बंदी तर आहे, ती पाळली जावी म्हणून तुम्ही काय करणार?' हा प्रश्न दहा दारांत ऐकू आला, तर अकराव्या दारी तो उत्तर तयार ठेवूनच येईल.