नेट गेलं तरी जीपीएस चालू असतं! अनोळखी शहरात मॅप लावण्याआधी हे माहीत हवं

पहिल्यांदाच स्वतः गाडी घेऊन मुंबईत किंवा पुण्यात शिरताना बहुतेकांना एकच धास्ती असते: मध्येच नेट गेलं तर? घाटात रेंज जाते, डेटा संपतो, आणि स्क्रीनवर रस्त्यांऐवजी नुसते करडे चौकोन दिसतात. मग आपण म्हणतो, "जीपीएस गेलं." खरं तर जीपीएस कुठेच गेलेलं नसतं. गेलेला असतो तो नकाशा. हा फरक एकदा कळला की निम्मी चिंता मिटते.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सांगत असतात की मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत. तुमचा फोन हे फक्त ऐकतो, रेडिओसारखं. उपग्रहाला उलट काही पाठवत नाही. सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून तो प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो आणि त्यावरून तुमची जागा ठरवतो. यासाठी किमान चार उपग्रह लागतात. तीन जागेसाठी, आणि चौथा फोनच्या घड्याळाची चूक भरून काढण्यासाठी, कारण फोनमधलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं. या सगळ्यात ना सिम लागतं, ना डेटा.

मग नेट नसताना लोकेशन सापडायला इतका वेळ का लागतो? कारण उपग्रह माहिती पाठवतो ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाची नेमकी कक्षा समजायलाच सुमारे ३० सेकंद लागतात, आणि सगळ्या उपग्रहांचा ढोबळ तक्ता पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं. नेट असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून झटक्यात उचलतो. म्हणून मॅप घरूनच, रेंजमध्ये असताना सुरू करा. घाटाच्या मधोमध फोन रीस्टार्ट करायचा मोह तर टाळाच.

नकाशा आधीच उतरवून ठेवा

गुगल मॅप्समध्ये वर उजवीकडे तुमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि ज्या शहरात जायचंय तो भाग चौकटीत घेऊन वायफायवर डाउनलोड करा. शहर एकटं घेऊ नका, वाटेतला पट्टाही घ्या, कारण रेंज जाते ती बहुतेक वाटेतच. ऑफलाइन असताना कारचा रस्ता मिळतो, पण चालत जायचा किंवा बस-लोकलचा मिळत नाही. ट्रॅफिकही दिसत नाही. आणि वर्षभरापूर्वी उतरवलेला नकाशा अजून असेल या भरवशावर राहू नका. अपडेट केला नाही तर त्याची मुदत संपते.

पत्ता शोधतानाही जरा सांभाळून. महात्मा गांधी रोड आणि शिवाजीनगर गावोगावी आहेत. नुसतं नाव टाकून पहिला पर्याय निवडण्यापेक्षा ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर लोकेशनची पिनच मागवा आणि ती सेव्ह करून ठेवा.

बाइक असेल तर बाइकचंच चिन्ह

ही चूक फार कॉमन आहे. मॅपवर कारचं चिन्ह तसंच राहतं आणि आपण असतो बाइकवर. वांद्रे-वरळी सी लिंक, जे. जे. उड्डाणपूल, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, पण कारचा रस्ता मागितला तर अॅप बिनधास्त तिकडेच पाठवणार. त्याची चूक नाही, तुम्ही विचारलंच तसं. गुगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय २०१७ पासून आहे, तो वापरा. तरीही बंदीचा फलक दिसला तर फलकाचंच ऐका.

पुलावर की पुलाखाली?

मोकळ्या आकाशाखाली फोनचं लोकेशन साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतं. ऐकायला भारी वाटतं, पण उड्डाणपूल आणि त्याच्या शेजारचा सर्व्हिस रोड यांच्यात अंतरच तेवढं असतं. त्यात उंची मोजण्यात जीपीएस आणखी कच्चं. त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे अॅप अंदाजाने ठरवतं. उंच टॉवरांच्या गर्दीत, म्हणजे लोअर परळसारख्या भागात, सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि तुमचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. बोगद्यात तर सिग्नलच नसतो. अॅप शेवटच्या वेगावरून ठिपका पुढे सरकवत राहतं.

यावर उपाय एकच: पूल यायच्या आधीच पुढची दोन वळणं बघून ठेवा. चुकून खालून गेलात तर घाबरून मध्येच ब्रेक मारू नका, अॅप नवीन रस्ता काढतंच. पुण्याच्या पेठांमध्ये तर हे फारच लागू आहे. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकदिशा, तेही एकमेकांच्या उलट. वळण हुकलं की मागे फिरायचं नाही, पूर्ण वळसा घालायचा.

पार्किंगमधून निघताना बाण उलटा दिसतो ना? गाडी थांबलेली असताना दिशा फोनच्या होकायंत्रावरून कळते, आणि चुंबकाचा मोबाइल होल्डर त्याला हमखास गंडवतो. वीस-तीस मीटर गाडी पुढे घ्या. गाडी हलली की दिशा हालचालीवरून कळते आणि बाण सुधारतो.

जिथे अॅपला काहीच दिसत नाही

मॅपवर लाल-केशरी ट्रॅफिक दिसतं ते मुख्यतः त्या रस्त्यावरच्या इतरांच्या फोनमुळे. भर शहरात फोन हजारो, म्हणून माहिती ताजी. रात्री ग्रामीण रस्त्यावर फोनच नसतात, मग अॅप जुन्या नकाशावर चालतं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पुण्याहून आलेली एक कार रात्री थेट धरणाच्या पाण्यात गेली. पूल पाण्याखाली होता, मॅपवर मात्र रस्ता होता. गाडी चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ पुरात तुटलेल्या पुलावरून कार खाली कोसळली आणि तिघे गेले. अंधारात, पावसाळ्यात अॅपने अचानक अरुंद, निर्मनुष्य रस्ता दाखवला तर दहा मिनिटं वाचवायच्या नादात आत शिरू नका. टपरीवाल्याला किंवा पेट्रोल पंपावर विचारा, "दादा, हा रस्ता चालू आहे का?" पूल वाहून गेलाय हे त्याला अॅपच्या आधी माहीत असतं.

आता फोन ठेवायचा कुठे? ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी चालतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे होल्डर हवा आणि आवाज चालू हवा. बाइकवाल्यांनी एक लक्षात ठेवा: मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द अॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. कंपन शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून एका कानात इअरफोन, असं काही करण्यापेक्षा थांबून रस्ता बघा.

आणि घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर तो विकू नका. वायफायवर त्यात ऑफलाइन नकाशे भरा, चार्जरला लावून गाडीत कायमचा बसवा. सिमची गरज नाही. पूर्वी डॅशबोर्डवर लावायचं वेगळं नेव्हिगेशन यंत्र विकत मिळायचं, तेही असंच चालायचं: नकाशा आत साठवलेला, लोकेशन उपग्रहावरून. फक्त उन्हात उभ्या गाडीत तो फोन काचेला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते.