बसला म्हणजे बरोबर नव्हे

१८ ऑगस्ट २०२२. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यापाशी एक बेवारस नौका सापडली, तिच्यात तीन एके-४७ निघाल्या आणि अख्खा रायगड जिल्हा हाय अलर्टवर गेला. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. 'लेडी हान' नावाची ही नौका मस्कतमार्गे युरोपला निघाली होती. २६ जूनला भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं, एका कोरियन युद्धनौकेने माणसं वाचवली, आणि समुद्र खवळलेला असल्यामुळे ओढून नेता न आलेली रिकामी बोट हेलकावे खात आपल्या दारात आली. घातपाताचा संशय घेऊन सुरू झालेली गोष्ट इंजिनाच्या बिघाडावर येऊन थांबली.

बोटीचं इंजिन रुसलं तर मदतीची हाक मारून वाट बघता येते. विमानाला ती सोय नाही, असं आपण चटकन म्हणतो. पण ते पूर्ण खरं नाही. आजचं दोन इंजिनांचं प्रवासी विमान एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उडत राहतं आणि उतरतं. वैमानिकांना त्याचा सराव सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करावा लागतो. इंजिन नुसतं बंद पडणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. धास्ती असते ती एखादा भाग तुटून दुसऱ्या भागांना घेऊन जाण्याची. असा भाग विमान उडण्याआधी पकडायचा कसा, हा या लेखाचा विषय.

विषय आता जिल्ह्याच्या घरचाच आहे. नाव नवी मुंबईचं असलं तरी २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला तो विमानतळ रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. किनाऱ्याच्या हवेचा प्रश्नही इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलं की खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने पोखरला जातो. धातूवर मिठाची करामत वेगळी, रासायनिक, पण चिकाटी तीच. म्हणूनच समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांची इंजिनं गोड्या पाण्याने धुवावी लागतात. जुहूहून तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरंही त्यातलीच. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर २४ हजार फुटांवर उडालं आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. तिथेही खारी हवा, गंजलेले सांधे आणि ८९ हजारांहून जास्त उड्डाणांनी दमलेला पत्रा यांनी मिळून घात केला होता. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसला होता. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

तर, झिजलेला भाग काढायचा आणि नवा बसवायचा. सगळा घोळ या 'नव्या'त आहे.

नवा पार्ट हँगरात थेट येत नाही, आधी स्टोअरच्या दारात थांबतो. तिथला तपासनीस खोकं उघडण्याआधी कागद मागतो. पार्ट नंबर, सिरियल नंबर, कुणी बनवला, दुरुस्त केला असेल तर कुणी आणि कोणत्या परवान्यावर. या सगळ्याचं एक ठरलेलं प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा सीए फॉर्म वन, युरोपात इयासा फॉर्म वन, अमेरिकेत ८१३०-३ या आकड्याने ओळखला जाणारा फॉर्म. ते नसेल तर पार्ट कितीही चकचकीत असो, विमानाच्या दृष्टीने तो लोखंडाचा तुकडा. कागद पटला की मग वस्तू: रबरी सीलची मुदत उरली आहे का, नळ्यांची तोंडं बुचं लावून बंद आहेत का, इलेक्ट्रॉनिक कार्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीतच आलं आहे का, वाटेत आपटल्याची खूण आहे का. शंका आली की तो पार्ट वेगळ्या कुलूपबंद कपाटात जातो. या व्यवसायात त्याला क्वारंटाइन म्हणतात, आणि कोविडच्या कितीतरी आधीपासून म्हणतात.

मग कॅटलॉग. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन विमानं शेजारी उभी असतील, तरी त्याच जागच्या बोल्टचा नंबर दोघांत वेगळा असू शकतो, कारण मधल्या काळात रचनेत बदल झालेला असतो. म्हणून 'मागच्या वेळी हाच लावला होता' हे उत्तर हँगरात चालत नाही. चालू नये, असं म्हणू या.

कारण ते एकदा चाललं होतं. जून १९९०, बर्मिंगहॅम. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच बदलायची होती. रात्रपाळी, माणसं कमी, म्हणून शिफ्टचा मुख्य माणूस स्वतःच कामाला लागला. जुनी काच काढली. तिचे ९० बोल्ट. त्यातले बरेच खराब दिसले, तेव्हा नवे घालू, असं त्याने ठरवलं. इथपर्यंत हेतू चोख. नंबर कॅटलॉगमध्ये बघण्याऐवजी त्याने काढलेला बोल्टच नमुना म्हणून घेतला. स्टोअरच्या माणसाने त्याला सांगितलंही, की या काचेला ८डी लागतो. पण हातातला होता ७डी, आणि तो चार वर्षं टिकला होता. मग दुसरा का घ्यायचा? स्टोअरमध्ये ७डी पुरेसे नव्हते. तेव्हा तो विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला एका उघड्या रॅककडे गेला. तिथे कुणी स्टोअरकीपर नव्हता, उजेड यथातथाच होता, आणि खणांवरची लेबलं भरवशाची नव्हती. बोटाने चाचपून, डोळ्याने जुळवून त्याने बोल्ट उचलले. ते निघाले ८सी.

फरक किती, तर व्यासात ०.०२६ इंच. एका मिलिमीटरच्या दोनतृतीयांश. काचेला लागलेल्या ९० पैकी ८४ बोल्ट असे बारीक होते. उरलेले सहा ७डी, जाडीने बरोबर, पण आखूड. म्हणजे जुना नमुनाच चुकीचा होता, आणि त्याच्याशी जुळवून घेतलेला नवा त्याहून चुकीचा. बोल्ट आवळताना पाना घसरल्यासारखा वाटला, तो ठरलेला जोर भरल्याचा क्लिक आहे असं त्याने धरलं. प्रत्यक्षात आटे सुटत होते. बोल्टची डोकी खाचेत हवी त्यापेक्षा खोल गेली होती, पण वाकून काम करताना ती नजरेच्या टप्प्यात येत नव्हती. काच हा त्या काळच्या नियमांत दुसऱ्या माणसाने तपासायचा भाग नव्हता. करणारा तोच, सही करणारा तोच.

काम झाल्यावर सत्तावीस तासांनी, १० जूनला, विमान मलागाला निघालं आणि १७,३०० फुटांवर काच बाहेर उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवेपर्यंत कर्मचाऱ्यांनी लँकेस्टर यांचे पाय धरून ठेवले. सगळे वाचले. काही महिन्यांत लँकेस्टर पुन्हा उडू लागले. चौकशीतून जे पुढे आलं ते मात्र अस्वस्थ करणारं होतं. हा माणूस कामचुकार नव्हता. उलट काम अडू नये म्हणून धडपडणारा, वरिष्ठांच्या लेखी चांगला माणूस होता. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात असा एक जण असतो, आणि आपण त्याचं कौतुकच करतो.

इथे कागद होता, पाहिला गेला नाही. कागदच खोटा असेल तर?

१९८९ मध्ये पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचं कॉनव्हेअर ५८० विमान ओस्लोहून हॅम्बर्गला जाताना डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळलं, ५५ माणसं गेली. शेपटीचा उभा पंख ज्या बोल्टांवर होता त्यातले काही बनावट, कमी ताकदीचे निघाले. त्यानंतर जगभर नकली पार्टांविरुद्ध मोहीम उघडली गेली. तरीही २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या छोट्या दलाल कंपनीने खोट्या प्रमाणपत्रांसह इंजिनाचे पार्ट विकल्याचं उघडकीला आलं. ते सीएफएम५६ इंजिनाचे होते, म्हणजे बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० वर्षानुवर्षं ज्यावर उडत आली त्याचे. सव्वाशे इंजिनांत ते पोचले होते. हे पकडलं कुणी? कुठल्या नियामकाने नाही, लिस्बनमधल्या एका दुरुस्ती विभागाने. कागद म्हणत होता नवा, आणि वस्तू वापरलेली दिसत होती. त्यांनी मूळ उत्पादकाला कागद पाठवून विचारलं. उत्तर आलं, हे प्रमाणपत्र आमचं नाही. एक फोन, एक ईमेल. एवढ्याने सुटणारी गोष्ट इतकी वर्षं कुणी विचारली नव्हती, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

आणि तिसरी तऱ्हा, सर्वांत चिवट: कागद खरा, कंपनी खरी, पार्ट अस्सल, पण धातूतच खोट. प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या त्यात दूषित कण होते, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. भुकटी २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंतची. इंजिनं उतरवून तपासायची म्हटल्यावर इंडिगोची सत्तरएक विमानं जमिनीवर बसली. मुंबईच्या गो फर्स्ट या विमान कंपनीने त्याआधीच, २ मे २०२३ ला, याच इंजिनांच्या आधीच्या दुखण्यांवर बोट ठेवून दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

अशा चकतीतला तडा डोळ्याला दिसत नाही. मुंबईने त्याची किंमत मोजली आहे. १२ ऑक्टोबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल सांताक्रूझहून मद्रासला निघालं. उड्डाणानंतर लगेच एका इंजिनाच्या कॉम्प्रेसरची चकती धातूच्या थकव्याने फुटली, तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली. वैमानिकाने विमान वळवलं, पण धावपट्टीच्या अलीकडेच ताबा गेला. ९५ पैकी कुणीही वाचलं नाही.

हा तडा शोधायची एक जुनी, देखणी रीत आहे. भाग स्वच्छ धुऊन चमकणाऱ्या द्रवात बुडवतात. द्रव केसाएवढ्या भेगेतही शिरतो. वरचा पुसून काढतात, मग पांढरी भुकटी फवारतात, ती भेगेतला द्रव शोषून वर आणते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की भेग हिरवट रेघ होऊन उजळते. तपासणाऱ्याने आधी काही मिनिटं अंधारात नुसतं बसायचं असतं, डोळे सरावण्यासाठी. घाईचा माणूस तिथे उपयोगाचा नाही. याशिवाय ध्वनिलहरी आहेत, एडी करंट आहे, इंजिनाच्या पोटात घालायचा बोरोस्कोप आहे. पण कुठलीच चाचणी प्रत्येक तडा पकडते असं नाही. म्हणून चकत्यांना आयुष्याची मर्यादा घालून दिलेली असते. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. सायकली भरल्या की चकती ठणठणीत दिसली तरी बाद. जन्मापासूनची एकेक सायकल कागदावर दाखवता आली नाही, तरीही बाद. कोट्यवधींचा संच निव्वळ हरवलेल्या चार पानांमुळे भंगारात जातो. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. वर उल्लेखलेल्या प्रकरणांनंतर मला तो स्वस्त सौदा वाटतो.

आपल्याला यातलं दिसतं ते एवढंच, की गेटवर पाटी बदलते: तांत्रिक कारणामुळे विलंब. माणसं चिडतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं. त्या वेळी आत बहुधा कुणी पार्टचा टॅग आणि कॅटलॉग जुळत नाही म्हणून सही अडवून बसलेलं असतं. नियम त्याच्या बाजूने आहे, कारण परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय दुरुस्त केलेलं विमान उडू शकत नाही. वेळापत्रक मात्र नेहमी विरुद्ध बाजूला असतं.

भंगारालाही यातून सुटका नाही. १९९५ मध्ये कोलंबियात अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं, तेव्हा चोरांनी अवशेषांतले पार्ट काढून नेले आणि त्यातले काही मायामीच्या बाजारात आले. कंपनीला हरवलेल्या पार्टांची सिरियल नंबरांसह चौदा पानी यादी छापावी लागली. म्हणून बाद चकती भंगारवाल्याला तशीच देत नाहीत. ती आधी कापतात, दुरुस्त करून पुन्हा विकता येणार नाही अशी, आणि कोणत्या सिरियल नंबरची चकती कापली याची नोंद ठेवतात.