बोनसची तारीख
सणासुदीचे मन : लेखांक ४

ऋण काढून सण करू नये, हा उपदेश आपल्याकडे फार जुना आहे आणि तो बहुधा ज्याच्याकडे उसने मागायला लोक येतात त्यानेच केलेला असतो. सणाच्या दिवसांत माणूस चिडचिडा का होतो, रात्री टक्क जागा का राहतो, याचे उत्तर या उपदेशात आधीच दडलेले आहे: हौस फार, ऐपत कमी. हल्लीचे मन:शांतीचे सल्लेही फारसे वेगळे नसतात. दीर्घ श्वास घ्या, अपेक्षा कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा. सल्ला वाईट नाही. पण बोईसरला खेटून असलेल्या सरावलीसारख्या गावात, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीवर जिथे घरेच्या घरे चालतात, तिथे हे निदान अपुरे पडते. इथल्या सणाच्या ताणाचे मूळ हौसेत कमी आणि तारखांच्या उलटसुलट क्रमात जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

तो क्रम पाहा. १९६५ च्या बोनस कायद्याने आखलेल्या चौकटीत किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या हिशेबी वेतनाचा बारावा भाग. तो देण्याची मुदत हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिने. मार्चअखेर वर्ष धरले तर ३० नोव्हेंबर. दिवाळी मात्र ऑक्टोबर नाहीतर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. बहुतेक कारखानदार सणाआधी बोनस देतात, तो रिवाज म्हणून. कायद्याची मुदत दिवाळी ओळखत नाही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मध्ये ठेकेदार असतो, आणि रक्कम किती, कधी, हे कित्येकदा वसुबारसेपर्यंत कळत नाही. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कामगाराची अडचण आणखी वेगळी. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, आणि रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. म्हणजे तिकीट ऑगस्ट-सप्टेंबरात काढायचे, रजा मंजूर होणार ऑक्टोबरात, पैसे हातात येणार त्याहून पुढे. जव्हार-मोखाड्याकडच्या माणसाला गाव जवळ आहे, पण रजेचा आणि पैशाचा प्रश्न तोच.

अशी टांगलेली अवस्था मनावर नेमके काय करते, याचा एक चांगला अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो आला. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्ती एकदा तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर तपासली गेली. माणूस तोच, पण पैसे येण्याआधी त्याची कामगिरी स्पष्टपणे कमी होती. टंचाई डोक्यात जागा अडवते आणि बाकीच्या विचाराला जागा उरत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष. यावर आक्षेपही आले. अमेरिकेत पगाराच्या दिवसाआधी आणि नंतर केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच चाचण्यांत विचारशक्तीत फरक दिसला नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण मला वाटते, दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. पगार दर महिन्याला, ठरल्या तारखेला येतो. माणूस त्याला सरावतो. तोडणीचा पैसा वर्षातून एकदा, मोठा आणि बेभरवशाचा. दिवाळीचा बोनस या दुसऱ्या जातीचा आहे. त्यावर वर्षभराची उधारी, मुलांचे कपडे, लेकीचा दिवाळसण आणि भाऊबीजेची ओवाळणी असे सगळे टांगलेले असते.

मग खर्चच कमी करावा, असे कोणी म्हणेल. काही खर्च खरोखर कमी करता येतात. फटाके त्यात पहिले. पण लेकीला माहेरी आणणे किंवा बहिणीच्या ताटात काही ठेवणे हा दिखावा नव्हे. अडचणीच्या वेळी याच नात्यांकडे हात पसरावा लागतो, हे एका खोलीत संसार करणाऱ्याला अर्थशास्त्र न शिकताही कळते. म्हणून तर दिवाळीची भिशी चालते. आठवड्याला थोडे थोडे भरून सणाला एकरकमी किराणा किंवा पैसे घ्यायचे, ही युक्ती बेभरवशाच्या बोनसवर लोकांनीच शोधलेला उतारा आहे. भिशी चालवणारा पळाला तर मात्र औषधच विष होते.

पैशाइतकाच तंग असतो वेळ. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८. हे साध्या दिवसाचे. त्यावर चकल्या, करंज्या, साफसफाई चढवा, आणि तिसऱ्या पाळीहून आलेला नवरा त्याच खोलीत दिवसा झोपायचा आहे, हेही धरा. बायकांना फराळ करायला आवडते, हे खरेच. पण आवडीचे काम रात्री बारा वाजता एकटीने करावे लागले की आवड टिकत नाही. घरातल्या पुरुषाने भाजणी दळून आणणे आणि डबे घासणे हे इथे कुठल्याही ध्यानधारणेपेक्षा लवकर गुण देईल.

अर्थात, सगळाच ताण वेळापत्रकाने सुटत नाही. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवडे उडालेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येते.

उरला कारखानदारांचा आक्षेप: रासायनिक प्रक्रिया सणासाठी थांबवता येत नाही, सगळ्यांना एकदम रजा कशी देणार? थांबवू नका. रजेची पाळी आणि बोनसची तारीख आधी सांगणे एवढेच मागणे आहे, आणि त्याला फळ्यावरचा एक कागद पुरतो. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्याआधी चार दिवस निघणाऱ्याचे आरक्षण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे गणपती बसण्याच्याही आधी, उघडेल. कागद त्याआधी लागायला हवा.