घरचा पडदा, घरचा आवाज : भाग ४
मधला स्पीकर

"काय म्हणाली गं ती?" रात्री साडेआठची मालिका लागली की आमच्या घरी हा प्रश्न ठरलेला. आई शहात्तर वर्षांची आहे. संवाद कळेना की ती आवाज तीसवर नेते. मग पार्श्वसंगीत अंगावर येतं, म्हणून परत अठरावर आणते, आणि संवाद पुन्हा हरवतो. गेल्या भागात पडद्याचं माप पाहिलं. त्यानंतर बऱ्याच वाचकांनी हीच तक्रार कळवली, म्हणून आज फक्त संवादाबद्दल.

'ताक' आणि 'चाक' हे शब्द म्हणून पाहा. दोन्हींतला 'आ' सारखाच, दणदणीत. फरक आहे तो सुरुवातीच्या क्षणभराच्या व्यंजनात. अशी व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर. वयाबरोबर कान आधी हेच उंच आवाज गमावतात. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. शब्द आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. अशा वेळी नुसता आवाज वाढवला तर 'आ' मोठा होतो, 'च' तिथेच राहतो.

दुकानात मात्र विक्रेता वॅट सांगतो आणि वूफर दणाणून दाखवतो. तुम्ही विचारायचं एकच: मधला स्पीकर वेगळा आहे का? २.१ म्हणजे डावा, उजवा आणि एक सबवूफर. यात मधला नाही. ३.१ आणि ५.१ मध्ये तो असतो, आणि चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत बहुतेक संवाद त्याच्याच वाट्याला दिलेले असतात. तो नसेल तर तेच संवाद दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंत किंचित उशिरा पोचतो, उजव्याचा डाव्यापर्यंत, आणि या गोंधळात २००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका व्यंजनांच्या जागी, खड्डा पडतो. शिवाय सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला आवाज एकाच बाजूने येतो. मधल्या स्पीकरची कल्पना जुनीच आहे: १९३३ साली बेल लॅब्सने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हाही डावा, मधला आणि उजवा असे तीन मार्ग वापरले होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: बजेट बेताचं असेल तर मागचे दोन स्पीकर सोडा, ५.१ च्या स्वस्त संचापेक्षा चांगला ३.१ साउंडबार घ्या. अनेक वाहिन्यांच्या मालिका दोनच चॅनेलच्या ध्वनीत येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंत सारखं असलेलं बोलणं वेगळं काढून मध्ये पाठवण्याची सोय त्यात आहे ना, हेही विचारून घ्या.

आमच्याकडे साउंडबार आणला तेव्हा मी तो शोकेसच्या खणात, आतवर सरकवून ठेवला होता. बोलणं डब्यातून आल्यासारखं यायचं. पुढच्या कडेला ओढला, खाली पुठ्ठ्याची घडी घालून तोंड आईच्या कानाच्या दिशेने जरा वर केलं, आणि त्याच रात्री आवाज बाविसावर थांबला. फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, तेव्हा घुमणंही कमी झालं. 'नाइट मोड' चालू केला की दणके आणि कुजबुज यांच्यातलं अंतर कमी होतं. सबवूफर दोन घरं खाली आणला तरी शब्द मोकळे होतात.

खरेदीला जाताना घरातल्या ज्या माणसाला कमी ऐकू येतं त्याला बरोबर न्या. दुकानदाराचा मारधाडीचा नमुना बाजूला ठेवायला सांगा आणि रोजच्या मालिकेतला दोन माणसांच्या बोलण्याचा प्रसंग मोबाइलवरून लावा. सोफ्याच्या टोकाला त्यांना बसवा, आवाज बेताचा ठेवा, आणि कोण काय म्हणालं ते त्यांनाच विचारा.

(पुढील भागात : टीव्ही आणि साउंडबार यांची जोडणी)