चोवीस, बावीस, वीस आणि अकरा

टेनिसमधला सगळ्यांत मोठा कोण, हा वाद आता आकड्यांनी मिटवायची रीत पडली आहे. जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20, सॅम्प्रस 14, लेव्हर 11. अमरावतीच्या कॅम्पात बसा की अकोल्याच्या सिव्हिल लाइन्समध्ये, गप्पांत विषय निघाला की कुणीतरी मोबाइल काढतो, ग्रँड स्लॅमची यादी वाचून दाखवतो आणि समोरच्याला गप्प करतो. वऱ्हाडात टेनिस खेळणारे मोजके, पण टेनिसवर भांडणारे भरपूर. त्या भांडखोरांपैकी मीही एक, आणि माझं म्हणणं एवढंच की ही यादी वाद मिटवायला कुचकामी आहे. एकाचा कापूस खंडीत मोजायचा, दुसऱ्याचा क्विंटलमध्ये, आणि नुसते आकडे शेजारीशेजारी मांडून कुणाला जास्त पिकलं ते ठरवायचं, असा हा कारभार आहे.

लेव्हरचंच घ्या. रॉड लेव्हरने 1962 साली चारही ग्रँड स्लॅम जिंकली आणि तो व्यावसायिक झाला. त्या काळात पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डनच्या फाटकातून आत येऊ देत नसत. 1968 मध्ये ही बंदी उठली. मधली पाच वर्षं, वयाच्या चोविशीपासून एकोणतिशीपर्यंतची, म्हणजे खेळाडूची ऐन उमेदीची, ग्रँड स्लॅमच्या हिशोबात कोरी आहेत. 1961 आणि 1962 ला विम्बल्डन जिंकून गेलेला हा माणूस 1968 ला परत आला आणि जिंकला, 1969 ला पुन्हा जिंकला. त्याच 1969 मध्ये त्याने चारही स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकल्या. पुरुषांमध्ये एकाच वर्षात चारही जिंकणं त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. त्याच्या अकरामध्ये ती पाच वर्षं मिळवली तर आकडा किती होईल, हे सांगणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यात नाही. कारण 1963 च्या सुरुवातीला, नवा व्यावसायिक म्हणून, लेव्हरने केन रोझवॉल आणि लू होड यांच्या हातून सपाटून मार खाल्ला होता. म्हणजे 1962 ची त्याची चार विजेतेपदं त्या वेळच्या सर्वोत्तम खेळाडूंना हरवून आलेलीच नव्हती. ते सगळे बंदीच्या पलीकडे खेळत होते.

रॉय इमर्सनची गोष्ट याच्या उलट. त्याची बारा ग्रँड स्लॅम, त्यातली दहा 1963 ते 1967 मधली, म्हणजे लेव्हर बाहेर असतानाची. इमर्सन खेळाडू फार चांगला होता, तंदुरुस्तीत तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण सन 2000 पर्यंत, सॅम्प्रसने तेरावं जिंकेपर्यंत, विक्रम त्याच्या नावावर होता आणि तरीही ‘सर्वश्रेष्ठ इमर्सन’ असं म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. तेव्हा आकडा बघून कुणी श्रेष्ठ ठरवत नव्हतं. जिंकलेल्या स्लॅमची बेरीज मांडायची सवय सॅम्प्रस त्या विक्रमाच्या जवळ आला तेव्हा लागली आणि फेडरर-नदाल-जोकोविच यांच्या काळात तिचं व्यसन झालं.

शिवाय चारही स्पर्धा सगळेच खेळत असं नव्हतं. ऑस्ट्रेलियाला तर त्या काळी अनेक जण जातच नसत. बियाँ बोर्ग उभ्या कारकिर्दीत एकदाच गेला, 1974 मध्ये. जिमी कॉनर्स दोनदा गेला, एकदा जिंकला आणि एकदा अंतिम सामना हरला. आंद्रे आगासीने तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते 1995 साली, आणि त्याच खेपेला चषक घेऊन आला. बोर्गची अकरा ही एका अर्थी तीन स्पर्धांमधली अकरा आहेत. जोकोविचने एकट्या मेलबर्नलाच दहा जिंकली.

पण सगळ्यांत जास्त रमावं असं प्रकरण उन्हाचं आहे. निदान आपल्याला तरी, कारण ऊन म्हणजे काय हे अकोलेकराला शिकवावं लागत नाही. 1969 ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा ब्रिस्बेनला होती. उपांत्य सामना लेव्हर आणि टोनी रोश यांच्यात, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. टायब्रेक नावाची चीज अजून जन्माला आलेली नव्हती. ती अमेरिकन ओपनमध्ये पुढच्या वर्षी आली. लेव्हरने पहिला सेट 7-5 घेतला. दुसरा सेट 22-20 असा संपला. पुढचे दोन रोशने 11-9 आणि 6-1 घेतले, पाचवा लेव्हरने 6-3 मारला. एकूण नव्वद गेम, चार तासांहून जास्त. डोकं थंड राहावं म्हणून टोपीत कोबीचं ओलं पान ठेवून हे लोक खेळत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा असतो, त्यामुळे ते पान वाचकाला विचित्र वाटू नये. ना बर्फाची जॅकेटं, ना स्वतःचा फिजिओ. आदल्याच वर्षी, 1968 च्या विम्बल्डनसाठी, लेव्हरला मिळाले होते दोन हजार पौंड. 2025 च्या विजेत्याला तीस लाख मिळाले. त्या पैशातून प्रशिक्षक, फिजिओ, आहारतज्ज्ञ पोसले जातात आणि म्हणूनच 2025 मध्ये जोकोविच अडतिशीच्या आसपासही चारही स्पर्धांच्या उपांत्य फेरीत दिसला. अर्थात रोझवॉल एकोणचाळिसाव्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचला होता, यातलं काहीही नसताना. दोन्हीकडे कॉनर्सने त्याला धुतलं, ते सोडा.

दुसरं मोठं प्रकरण रॅकेटचं. बोर्गची रॅकेट लाकडी, जड, तिचं तोंड लहान. गटिंग इतकं ताणलेलं असायचं की तार मधेच तुटावी. आज नव्या पिढीतल्या अल्कराझच्या हातात हलकी ग्रॅफाइट आहे, तोंड मोठं, आणि तार पॉलिस्टरची. या पॉलिस्टरने जो बदल केला तो लाकूड जाण्याइतकाच मोठा. ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन, जागतिक क्रमवारीत 66 वा, 1997 मध्ये ही तार घेऊन पॅरिस जिंकून गेला, आणि हळूहळू सगळ्यांना कळलं की या तारेने चेंडू जिवाच्या आकांताने मारला तरी तो शेवटी खाली वळून कोर्टात पडतो. पूर्वी तेवढ्या जोराने मारलं की चेंडू प्रेक्षकांत. बोर्गने 1991 मध्ये माँटे कार्लोला पुनरागमन केलं ते जुनी लाकडी रॅकेट घेऊनच. स्पेनच्या जॉर्डी अरेसेने त्याला 6-2, 6-3 असं हरवलं. अरेसेचं नाव आज कुणाच्या लक्षात नाही. बोर्गला त्या दिवशी हरवलं ते निम्मं वयाने आणि निम्मं कारखान्याने.

गवतही बदललं. विम्बल्डनने 2001 मध्ये गवताची जात बदलली आणि चेंडू जास्त उसळू लागला. पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबंदियन यांच्या अंतिम सामन्यात दोघांपैकी एकानेही सर्व्ह करून नेटकडे धाव घेतली नाही. एकदाही नाही. ज्या कोर्टावर सॅम्प्रसने सात विजेतेपदं नेटवर उभं राहून कमावली, तिथे बेसलाइनचा खेळ सुरू झाला. माती, गवत आणि सिमेंट यांतला फरक कमी होत गेल्यामुळे एकाच खेळाडूला तिन्हीकडे जिंकणं सोपं झालं, हे खरं आहे. सॅम्प्रसला फ्रेंच कधी मिळाली नाही. फेडरर, नदाल आणि जोकोविच तिघांनीही चारही स्पर्धा जिंकल्या. पण हेही खरं की लेव्हरच्या 1969 मधल्या चारपैकी तीन स्पर्धा गवतावरच होत्या. म्हणजे सोय दोन्ही काळांत होती, फक्त वेगळ्या जागी.

या वादात महाराष्ट्राचीही एक मजेशीर साखळी आहे. सांगलीचे नंदू नाटेकर हे पुढे बॅडमिंटनचे मोठे नाव. 1956 मध्ये परदेशात जिंकलेले पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. पण त्याआधी ते टेनिस खेळत. 1951-52 च्या ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग रॅकेट बदलली. तेच कृष्णन 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. पहिल्या वर्षी नील फ्रेझरकडून आणि दुसऱ्या वर्षी लेव्हरकडून हरले, आणि दोन्ही वेळा त्यांना हरवणाराच विजेता ठरला. म्हणजे सांगली ते लेव्हर हे अंतर मधल्या एका माणसाचं. नाटेकरांचे चिरंजीव गौरव यांनी 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण घेतलं, आणि त्या पेसने 1998 मध्ये न्यू हेवनला सॅम्प्रसला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, या हिशोबाने कुणालाही कुठेही नेऊन बसवता येतं, बाप्पा! आणि पिढ्यांची तुलना करणारे बहुतेक जण नेमकं हेच करतात.

बालेवाडीलाही हे काळांचं गुंतलेपण दिसलं. 2019 मध्ये महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इवो कार्लोविच भिडले. तीन सेट, तिन्ही टायब्रेकवर, शेवटी अँडरसन जिंकला. कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता. एटीपी स्पर्धेच्या अंतिम फेरीत इतका वयस्क खेळाडू त्याआधी दिसला होता तो 1977 मधला रोझवॉल. याच बालेवाडीत 2023 मध्ये पुण्याचा पंधरा वर्षांचा मानस धामणे वाइल्ड कार्डवर उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. तो तेव्हा इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत शिकत होता, जिथे यानिक सिनर घडला.

अमरावतीकराला एक जुनी तारीख इथे सांगितली पाहिजे. 1936 च्या उन्हाळ्यात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेले होते. त्याच उन्हाळ्यात फ्रेड पेरीने सलग तिसरं विम्बल्डन जिंकलं, अंतिम सामन्यात जर्मनीच्या फॉन क्रामला 6-1, 6-1, 6-0 असं चिरडून. टेनिस तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतं, त्यामुळे मंडळाच्या मल्लांना पेरी काही दिसला नसणार. पण मंडळाच्या आखाड्यात लाल मातीवरचा पैलवान आणि मॅटवरचा पैलवान यांची तुलना जाणकार कशी करतात ते ऐकण्यासारखं असतं. किती कुस्त्या मारल्या, हे ते शेवटी विचारतात. आधी विचारतात, डाव पकडला गेल्यावर काय केलं?

टेनिसलाही मी हेच माप लावतो. नदालने फेडररचा एकहाती बॅकहँड ओळखला, खांद्याच्या वर उसळणारे चेंडू तिथेच मारत राहिला, आणि वर्षानुवर्षं फेडररला उत्तर सापडेना. मग फेडररने मोठ्या तोंडाची रॅकेट घेतली, बॅकहँड चेंडू उसळायच्या आत मारायला सुरुवात केली, आणि 2017 मध्ये मेलबर्नला, सहा महिने बाहेर बसून पस्तिसाव्या वर्षी परतल्यावर, पाचव्या सेटमध्ये 1-3 असा मागे असताना नदालला हरवलं. त्या वर्षी नदाल त्याला एकदाही हरवू शकला नाही. तरी त्यांची एकूण आकडेवारी नदालच्या बाजूने 24-16 अशीच राहिली. जोकोविचने असं उत्तर सहा वर्षं आधी शोधलं होतं: 2011 मध्ये सहा अंतिम सामन्यांत नदालला हरवलं, त्यातले दोन नदालच्या लाडक्या मातीवर. पुढे नदालशी 31-29 आणि फेडररशी 27-23. चारही स्पर्धा किमान तीन-तीनदा. सगळ्या आकड्यांत माझ्या दृष्टीने वजनदार हे, चोवीस नव्हे. म्हणून माझा कौल जोकोविचला, आणि एका हंगामापुरता विचारलंत तर 1969 च्या लेव्हरला. फेडरर बघायला आवडतो म्हणून त्याला वर बसवणारे माझ्या घरातही आहेत. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आता अल्कराझ आणि सिनर. 2024 आणि 2025 मधली आठही ग्रँड स्लॅम या दोघांनी वाटून घेतली, चार-चार. 2025 च्या 8 जूनला, मृगाच्या तोंडावर, अकोल्यात कूलर गरम हवा फेकत असताना पॅरिसचा अंतिम सामना संध्याकाळी सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. पाच तास एकोणतीस मिनिटं. चौथ्या सेटमध्ये सिनरकडे सलग तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, अल्कराझने तिन्ही वाचवले आणि पाचव्या सेटचा टायब्रेक 10-2 असा घेतला. इतक्या जोराने, इतका वेळ, दोघांनीही मारलेले फटके मी तरी आधीच्या कुठल्याच पिढीत पाहिले नाहीत. महिनाभराने सिनरने विम्बल्डनला परतफेड केली. मग अल्कराझने सर्व्हिस सुधारली. अमेरिकन ओपनमध्ये संपूर्ण स्पर्धेत त्याची सर्व्हिस तीनदाच मोडली आणि अंतिम सामन्यात सिनर हरला. हरल्यावर सिनर म्हणाला की आपला खेळ समोरच्याला आधीच कळतो, तो बदलावा लागेल. डाव पकडला गेला आहे. आता तो काय करतो?

एक खटकतं. या दोघांना तिसरा नाही. फेडररने 2007 पर्यंत बारा जिंकली तेव्हा त्यालाही लोक हेच म्हणत होते, समोर कोण होतं म्हणून. मग जोकोविच आला.

2025 च्या अखेरीस, बाविसाव्या वर्षी, अल्कराझ सहावर होता. बोर्ग बाविसाव्या वर्षी सहावर होता, नदालही. बोर्ग सव्विशीतच थांबला आणि अकरावर राहिला, नदाल बावीसवर गेला. फेडररची त्या वयात तीन होती. आणि जोकोविच, तेविसावा वाढदिवस येईपर्यंत, एकच जिंकून बसला होता.