आवाज जाड का झाला?

एका शाळेतील मुलांनी गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. ऐकताना मात्र आवाज जाड आणि संथ येऊ लागला. मुद्रण बिघडले असे समजून मुले ते पुसणार, एवढ्यात एकीने घड्याळ लावले. १० मिनिटांचे मुद्रण १० मिनिटे ५३ सेकंद चालले!

ऑडिओ इंटरफेस ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजतो आणि ते आकडे संगणकाकडे देतो. मुद्रणाच्या वेळी ही मोजणी सेकंदाला ४८,००० वेळा झाली होती. ऐकताना इंटरफेस ४४,१०० वर लावलेला राहिला. दोहोंचे गुणोत्तर १.०८८, म्हणून वेळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढला, कंपनसंख्या त्याच प्रमाणात घटली आणि सूर जवळजवळ दीड पट्टी उतरला.

आकडा एकही हरवला नव्हता. इंटरफेस ४८,००० वर लावताच आजींचा आवाज परत मिळाला. मुद्रणाची पातळी मर्यादेबाहेर गेली असती, तर लहरींचे शेंडे कापले गेले असते. जे मोजलेच नाही, ते परत कोठून मिळणार? तेव्हा पुसण्याआधी घड्याळ लावा.

याच चुकीने ४४० हर्ट्झच्या नादकाट्याचा आवाज किती हर्ट्झचा ऐकू येईल? मुलांना काढू द्या.